आवसेला विसरणारा फोन

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कोणाला काय बोलले ते वाचून कोणी दचकणार नाही. नांदेडला मी संगणकाचे वर्ग घेते. लोकांच्या पोरांना एकच गोष्ट दहादा सांगताना माझा आवाज चढत नाही. माहेरचा उंबरठा ओलांडला की मात्र दहा मिनिटांत माझं कोणाशी तरी वाजलेलं असतं. माय म्हणते, "आली का वीज? बांधा गुरं आत."

माहेर जळकोटजवळच्या एका लहान गावात आहे. दादा, म्हणजे माझे वडील, उभा जन्म ट्रॅक्टर चालवत आले. आधी दुसऱ्यांचा, मग स्वतःचा. दोन वर्षांखाली त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढायला लागला आणि जबान गेली. राहिला एकच शब्द, "हाव." जेवायचं का? हाव. दुखतंय का? हाव. नको असलं तरी हाव, फक्त त्या वेळी मान आडवी हलते. डॉक्टर म्हणाले होते की बाकीचे शब्द हळूहळू येतीलही. नाही आले.

पण माणूस घरात बसेना. रोज सकाळी काठी टेकत, माझ्या मायच्या खांद्यावर हात ठेवून ते शेतातल्या आखाड्यावर जाणार म्हणजे जाणारच. तिथं लिंबाखाली त्यांची खुर्ची, बाजूला त्यांचा जुना ट्रॅक्टर, पाण्याचा हौद आणि दोन म्हशी. ट्रॅक्टर आता भाड्यानं कोणीतरी चालवायला नेतं आणि आणून लावतं. आणून लावला की दादा त्याच्याभोवती एक फेरी मारतात, टायरला काठीनं टिचकी देतात आणि कान लावून इंजिन थंड होताना ऐकतात. माय तेवढ्यात खालच्या पट्टीत खुरपायला गेलेली असते. दिवसातले चार-पाच तास ते तिथं एकटे असतात. त्यांच्या आयुष्यात आता एवढंच काय ते त्यांच्या मर्जीचं राहिलं होतं.

वैशाखाच्या शेवटी ते हौदापाशी पडले. हाक मारता येत नाही. माय भुईमुगात होती. ती परत येईपर्यंत ते तसेच उन्हात पडून होते. कोपर सोललेलं, ओठ सुकलेले. दुसऱ्या दिवशी मी नांदेडहून पोचले आणि लातूरहून माझा मोठा भाऊ गाडी घेऊन आला. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तो म्हणाला, "चला दादा, आता बास झालं." दादांनी डाव्या हातानं ट्रॅक्टरचं स्टिअरिंग धरलं. भावानं बोटं सोडवायला बघितली. एक बोट सुटलं की दुसरं घट्ट व्हायचं. माझा भाऊ वाईट नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरी तो ओढत होता.

मला ते बघवेना. मी मध्ये पडले. म्हटलं, "थांब जरा. मी असं काही करते की त्यांनी नुसतं बटण दाबलं की मायला कळंल."

"आणि न्हाई कळालं तर?"

"तर घेऊन जा. मी एक शब्द बोलणार न्हाई."

"एकदा जरी चुकलं ना," तो म्हणाला, "मी कोणाचंच ऐकणार न्हाई."

झालं. मोठ्या तोंडानं बोलून बसले होते, आता निभावायला पाहिजे होतं.

काचेवर बोट फिरवणं दादांना जमत नव्हतं. डावा अंगठा थरथरतो आणि उन्हात तर काचेवर काही दिसतच नाही. पण फोनच्या कडेला आवाज कमी-जास्त करायचं बटण असतं, ते त्यांना न बघता सापडायचं. मी एक ॲप शोधून काढलं. फोन झोपलेला असला, पडदा काळा असला, तरी ते बटण लागोपाठ तीनदा दाबलं की मायला फोन लागायचा. आता यातली गोम सांगते, कारण पुढची सगळी फजिती तिनंच केली. फोनच्या पोटात एक नोंदवही चालू असते. कुठलं बटण दाबलं, कधी उजेड झाला, कोण आलं, कोण गेलं, सगळं फोन स्वतःशी लिहीत बसतो. सिस्टिम लॉग म्हणतात त्याला. पडदा काळा असताना दाबलेलं बटण कळायला त्या ॲपला ती वही वाचावी लागते. आणि फोन ती वही सहजासहजी कोणाला वाचू देत नाही. मी लॅपटॉपला वायर लावली, एक लांबलचक ओळ टाइप केली, फोननं विचारलं, याला सगळ्या नोंदी वाचू द्यायच्या का, मी होय म्हटलं. परवानगी मिळाली.

मायच्या फोनमध्ये दादांचा एक जुना आवाज होता, आजारपणाच्या आधीचा. आखाड्यावरून त्यांनी तिला कधीतरी पाठवलेला. "आगं ए, कुठं हाईस? ये की हिकडं, लई वेळ झाला." एवढंच. दादांच्या नंबरची रिंगटोन म्हणून मी तो लावला. मग मी मायला खालच्या पट्टीत पाठवलं आणि दादांना म्हटलं, दाबा. त्यांनी तीनदा दाबलं. लांबून मला दिसलं की माय चालता चालता थांबली आणि बांधावर खाली बसली. मी धावत गेले तर ती पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. म्हणाली, "आगं माय, मला वाटलं बोललेच."

जेठ महिनाभर हाक बरोबर लागत होती. जेठाची आवस झाली आणि दुसऱ्या दिवशी मायचा फोन आला, "ते बटण काही करंना गं." दादांची काठी हातातून सुटून लांब घरंगळली होती आणि सावली सरकून ऊन डोक्यावर आलं होतं. ते किती तरी वेळ बटण दाबत बसले होते. माझं डोकं फिरलं. दीडशे प्रश्न विचारले. तू कुठं बोट लावलंस? पाण्यात पडला का? नातवंडांनी खेळ भरला का त्यात? मायनं सगळ्याला न्हाई म्हटलं तर मी म्हणाले, "मग काय आपोआप झालं का? फोनला काय भूत लागलंय?" मी सुट्टीच्या दिवशी जांबला गाडी बदलून गेले, वायर लावली, तीच ओळ टाकली, सुरू झालं. भावाला आम्ही दोघींनी काही सांगितलं नाही.

निघताना मी दादांना विचारलं, "तुम्ही काही केलं का फोनला?" त्यांनी "हाव" म्हटलं आणि ट्रॅक्टरकडं बोट दाखवलं. परत दाखवलं. मी म्हटलं, "हो हो दादा, ट्रॅक्टर चांगला आहे." त्यांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, उन्हानं.

आखाड महिन्यात परत तेच झालं. या वेळी मी ॲप बनवणाऱ्याला शिव्या घातल्या, फोन बनवणाऱ्याला घातल्या, बॅटरी वाचवायची सगळी बटणं बंद केली, ॲप काढून परत टाकलं, तीच ओळ परत दिली. घाम निघाला. परत सुरू झालं आणि मी विजयी चेहऱ्यानं नांदेडला आले. श्रावणात पोळ्याच्या दिवशी ते तिसऱ्यांदा मेलं, आणि नेमका त्याच दिवशी भाऊ न सांगता गावी आला होता. त्यानं दादांना सांगितलं, "दाबून दाखवा." दादांनी तीनदा दाबलं. मायचा फोन मुका. परत तीनदा. भावानं मला तिथूनच फोन लावला. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. तो शांत होता. म्हणाला, "दसरा झाला की मी त्यांना नेणार. तू एक शब्द बोलणार न्हाईस असं म्हणाली होतीस."

आठ दिवसांनी मायचा फोन आला. मला म्हणाली, "आगं, ते आवसेला बिघडून राहिलंय."

मी आधीच पेटलेली. "माय, तुला काही वाटतंय का? फोनला आवस-पुनव कुठली? उद्या म्हणशील लिंबू उतरवा."

"मी भूत म्हटलंच न्हाई. भूत तू म्हटलीस," ती म्हणाली. "मी आवस म्हटलं. भिंतीवर लिहिलंय मी, येऊन बघ."

मायचं शिक्षण चौथीपर्यंत. पण पहिल्यांदा बिघडल्यापासून ती रोज न्याहारी घेऊन आखाड्यावर गेली की दादांना बटण दाबायला लावायची आणि घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला कुंकवाचं बोट टेकवायची. वाजलं तर बोट, नाही वाजलं तर कोरं. म्हैस कधी व्याली, कोणाचं लग्न कधी, हे ज्या कॅलेंडरवर लिहायचं त्यावरच. मी जाऊन बघितलं तेव्हा माझी मान खाली गेली. आखाड महिन्यात आवसेच्या आदल्या दिवसापर्यंत ओळीनं लाल टिळे, आवसेपासून मी जाईपर्यंत कोरं. श्रावणात तसंच. जेठाचं तिनं आठवून लिहिलं होतं. मी संगणक शिकवते. बिघाड शोधायचा तर आधी कधी झाला ते लिहून ठेवावं, हे मी दर वर्गात पहिल्या दिवशी सांगते. आणि मी स्वतः एक तारीख कुठं लिहिली नव्हती.

तरी अंगातली रग जाईना. फोन परत सुरू करून दिला आणि म्हटलं, सर्वपित्रीच्या आवसेला मी स्वतः आखाड्यावर बसते आणि बघते काय होतं ते.

सर्वपित्रीच्या सकाळी माय नेहमीसारखी महादेवाला गेली. दर आवसेला ती जाते, आणि त्या वेळात आखाड्यावर नेमकं काय काय होतं हे तिनं कधी बघितलेलंच नव्हतं. मी हौदाच्या कठड्यावर बसले. दादा उठले. एका हातानं त्यांनी बादलीत फडकं बुडवलं, पायानं दाबून पिळलं आणि ट्रॅक्टरचं बॉनेट पुसलं. दिवे पुसले. सीट पुसली. धाप लागली की टेकायचे, परत सुरू. बॉनेटवर हळदकुंकवाची बोटं ओढली. दोन्ही मोठ्या चाकांखाली लिंबू ठेवलं. सगळे गाडीवाले आवसेला करतात तेच. मग त्यांनी खिशातून फोन काढला. दोन बटणं एकदम दाबून धरली, पडदा काळा होईपर्यंत धरली, आणि कानाला लावून बघितलं, जसं इंजिन थंड झालं का ते बघतात. फोन पुसला. बॉनेटवर ट्रॅक्टरच्या किल्लीच्या बाजूला ठेवला, त्यालाही हळदकुंकू लावलं. डाव्या हातानं दगडावर नारळ फोडला आणि एक हात छातीशी नेऊन डोळे मिटले.

मी उठून उभी राहिले होते. जेठापासून हा माणूस मला बोट करून ट्रॅक्टर दाखवत होता.

थोड्या वेळानं त्यांनी फोन चालू केला आणि खिशात घातला. मी तो त्यांच्याकडून घेतला आणि तीनदा बटण दाबलं. काही नाही. मग मी त्या ॲपची माहिती वाचत बसले, जी पहिल्याच दिवशी वाचायला पाहिजे होती. तिथं सरळ लिहिलं होतं, नोंदी वाचायची परवानगी फोन चालू आहे तोपर्यंतच. बंद करून चालू केला की परवानगी गेली, परत मागा. मला एवढा राग आला ना! "हे काय येड्याचं काम आहे का," मी एकटीच ओरडले. "एकदा होय म्हटलं तर म्हटलं. रोज रोज काय विचारायचं? झोपून उठला की बापाला ओळखत नाही असला कसला फोन!"

दादा माझ्याकडं बघत होते. ते हसले. तोंड एका बाजूला जातं त्यांचं हसताना. ते ट्रॅक्टरपाशी गेले, डावा हात लांब करून गिअरचा दांडा धरला, तो हलवून मोकळ्यात, म्हणजे न्यूट्रलला आणला, आणि माझ्याकडं बघून किल्लीकडं बोट केलं. मग दांडा पहिल्या गिअरात टाकला. परत मोकळ्यात. परत पहिल्यात. आणि माझ्या डोक्यात एक टपली मारली.

गाडी बंद करून चालू केली की पहिल्यापासूनच निघावं लागतं. काल टॉप गिअरमध्ये पळत होती म्हणून आज उभ्या जागेवरून टॉपमध्ये निघत नाही. आणि निघू नयेच. किल्ली फिरवली आणि गाडी आपोआप पळत सुटली तर पुढं उभ्या माणसाचं काय? जे मला माझ्या विषयात कळत नव्हतं ते माझ्या बापानं एका शब्दाविना समजावलं. मला इतकं कौतुक वाटलं त्यांचं आणि इतकी लाज वाटली स्वतःची, की मी त्यांच्या खुर्चीतच बसून राहिले.

पण राग तो रागच. माय आल्यावर मी तिला सगळं सांगितलं आणि निकाल देऊन टाकला. "दादा, इथून पुढं फोन बंद करायचा न्हाई. नुसतं कुंकू लावा चालू फोनला."

दादांनी मान आडवी हलवली. मी परत म्हटलं. त्यांनी फोन खिशातून काढला, दगडावर ठेवला आणि तोंड फिरवून बसले. म्हणजे नकोच मग मला.

माय माझ्यावर पहिल्यांदा चिडली. "चालू इंजिनाला हात जोडत न्हाईत, हे तुला कोणी शिकवलं न्हाई? त्यांच्या उस्तादाची दोन बोटं गेली होती चालू पट्ट्यात. तवापासून यांचा नेम हाय. आधी बंद, मग फडकं, मग कुंकू. इतक्या वर्षांत यांच्या ट्रॅक्टरवर कोणाला खरचटलं न्हाई. हात गेला, पाय गेला, जबान गेली, एवढा नेम राहिलाय. तो बी काढून घेतीस का?" आणि मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुला कळंना का, फोनला ट्रॅक्टरशेजारी का ठेवलंय ते? बोलायचं हत्यार हाय ते त्यांचं."

मी दगडावरचा फोन उचलून दादांच्या खिशात परत घातला.

"दर आवसेला परत परवानगी लागती ना?" माय म्हणाली. "मग मी देते. शिकव मला."

"तुझ्याकडं लॅपटॉप न्हाई."

"ते तू बघ."

बघितलं. लॅपटॉपच्या जागी मायचा फोन चालतो, लहानशी वायर लावून एका फोननं दुसऱ्याला तीच ओळ सांगता येते. ती लांबलचक ओळ मी मायच्या फोनमध्ये साठवून ठेवली, म्हणजे तिला फक्त दाबायची होती. तरी कामं चार होती. वायर लावायची. दादांच्या फोनवर होय म्हणायचं. आपल्या फोनवर ओळ दाबायची. दादांच्या फोनवर परत होय म्हणायचं. अक्षरं इंग्रजी. मी शिकवायला बसले आणि तिसऱ्या मिनिटाला ओरडायला लागले. "तिथं नाही माय, खाली, खाली! ते नाही, त्याच्या शेजारचं!"

मायनं फोन खाली ठेवला. "चुलीपुढं बसवून तुला भाकरी थापायला शिकवलं, तवा मी अशी वरडले होते का? तुझ्या भाकरीला चार कोपरे असायचे. तुझ्या बापानं गुमान खाल्ल्या."

दादा म्हणाले, "हाव," आणि तेही जोरात.

मग मी गुमान शिकवलं. तिची पद्धत तिनं बसवली. वायरच्या ज्या टोकाला दादांचा फोन लागतो तिथं हळदीचा टिपका, दुसऱ्या टोकाला कुंकवाचा. दादांचा फोन उजव्या मांडीवर, तिचा डाव्या. 'होय' कुठं येतं ते तिनं जागेवरून ओळखायला घेतलं, अक्षर वाचायच्या भानगडीत पडलीच नाही. मी गेल्यावर आठ दिवस ती रोज मुद्दाम फोन बंद करून चालू करायची आणि सगळं पहिल्यापासून करायची. चुकलं की परत बंद. मला फोनवर म्हणाली, "तो फोन 'हुकूम द्या' म्हनतो, मी म्हनते घे बाबा. इचारतो हे चांगलंच हाय की. न इचारता कोणाची वही वाचू नये." माझ्या वर्गातली पोरं हे एवढं पंधरा दिवसांत शिकत नाहीत आणि शिकली तर आठवड्यात विसरतात. मी माझ्या मायला साठीत हे शिकताना बघितलं, आणि मला तिचा इतका अभिमान वाटतो की कोणी विचारलं नसलं तरी मी सांगत सुटते.

भावाला मी सगळं खरं सांगितलं, लपवलेलं सुद्धा. तो म्हणाला, "म्हणजे दर महिन्याला मायच्या बोटावर सगळं. एखाद्या आवसेला ती चुकली तर?" मी म्हटलं, चुकणार नाही. तो म्हणाला, "दसऱ्याचं राहू दे. येळवशीला येतो, तेव्हा डोळ्यांनी बघतो. मग ठरवतो."

दिवाळीची आवस गेली, कार्तिकातली गेली. भिंतीवर एक दिवस कोरा राहिला नाही.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, त्या दिवशी आमच्याकडं घर बंद करून सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे लहानसं खोपटं, उभी केली होती, आत चुना दिलेले दगडाचे पांडव मांडले होते. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळं टोपल्यांतून आलं. भाऊ, वहिनी, त्यांची पोरं, मी, माझ्या घरची माणसं, असे सगळे जमलो. दादांनी सकाळीच बॉनेट पुसलं, लिंबू ठेवलं, फोन बंद केला, कुंकू लावलं, नारळ फोडला. भाऊ हाताची घडी घालून बघत उभा होता. मग माय पाय पसरून बसली. हळदीचा टिपका उजवीकडं, कुंकवाचा डावीकडं. तिची बोटं चुलीपुढं चालतात तशी चालली. वायर काढून तिनं दादांच्या खिशात फोन घातला आणि म्हणाली, "झालं." भाऊ म्हणाला, "बघू."

मग शेताला फेरी मारायला आम्ही सगळे निघालो. आंबील शिंपडत, ओरडत, पोरं पुढं. दादा खुर्चीत मागं राहिले. आम्ही खालच्या कोपऱ्यात, ज्वारीपलीकडं पोचलो होतो, आखाडा दिसत नव्हता. आणि मायच्या कमरेच्या पिशवीतून आवाज आला, "आगं ए, कुठं हाईस? ये की हिकडं, लई वेळ झाला."

भावाला त्या रिंगटोनचं मी कधी सांगितलं नव्हतं. तो जागच्या जागी वळला, आखाड्याकडं बघितलं, मायच्या पिशवीकडं बघितलं, आणि चपला तिथंच टाकून हरभऱ्यातून पळत सुटला. मी त्याच्या मागं. माय आमच्या मागं, फोन न उचलता, "सावकाश रे, पडचील!" म्हणत. माझ्या मनात हौद आला, चुलीतला विस्तू आला, कोपेतला दिवा आला.

दादा खुर्चीत बसले होते, ठणठणीत. काठी मांडीवर. अंगठा बटणावर. आम्हाला धापा टाकत आलेलं बघून ते तोंड वाकडं करून हसले आणि काठीनं चाकाखालचं लिंबू दाखवलं. मला कळलं. पूजा झाली की गाडी लिंबावरून घालून एक चक्कर मारून आणतात, सगळं नीट आहे ना ते बघायला. ते त्यांची चक्कर मारत होते.

भाऊ त्यांच्या पायाशी मातीत बसला. त्याच्या पायाला काटे लागले होते, ते त्यानं बघितलेही नाहीत. माय येऊन पोचली, तशी तिच्याकडं वळून म्हणाला, "माय, ती वायर मला पण शिकव. तुला बरं नसलं तर आवसेला मी येत जाईन." लातूरचं त्यानं नाव काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

मग त्यानं दादांच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाला, "दादा, परत एकदा दाबा की."

दादांनी तीनदा दाबलं. मायनं फोन पिशवीतून काढून सगळ्यांच्या मध्ये धरला आणि उचलला नाही, वाजू दिला.